डब्यातला सिगार

आमच्या घरात आता तंबाखू नाही असं मी सांगितलं, तर वडखळची जुनी माणसं हसतील. कारण माझ्या बापाला विडीशिवाय कुणी पाहिलेलं नाही आणि आईला मशेरीशिवाय. पहाटे चुलीवर तवा टाकून आई तंबाखू भाजायची. पार काळी होईपर्यंत. मग ती हातानं चुरून पितळेच्या डबीत भरायची. त्या वासानं आम्ही भावंडं शिंकत उठायचो. दुसऱ्यांच्या घरी कोंबड्यानं जाग येते, आमच्याकडे मशेरीनं यायची. तोवर बाबांची ओटीवर पहिली विडी संपून दुसरी पेटलेली असायची.

बाबांच्या विडीचं एक सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. आमची शेती खारातली. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात घ्यायचं. खाडीकडचा जो मोठा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला तो बाहेरकाठा कुठं फुटला तर खारं पाणी शेतात शिरणार, आणि एकदा शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड पीक नाही. म्हणून मोठ्या उधाणाच्या रात्री गावातली माणसं बांधावर अंतरा-अंतरानं बसायची. अंधारात माणूस दिसायचा नाही, विडीचं टोक दिसायचं. एकेक लाल ठिपका म्हणजे एकेक माणूस. एखादा ठिपका बराच वेळ दिसला नाही तर बाजूचा हाळी द्यायचा, ‘झोपलास काय रं?’ मी दहा वर्षांचा असताना बाबांच्या मागे घोंगडी घेऊन बसलो होतो आणि ते ठिपके मोजले होते. सतरा होते. आजही विडी वाईट हे मला कुणी सांगायला नको, पण डोळ्यासमोर आधी ते सतरा ठिपके येतात आणि मग बाबांचा खोकला ऐकू येतो.

मी 1975 साली दहावी झालो. दहावीला एस.एस.सी. होण्याची ती पहिलीच खेप, त्याआधी अकरावीला व्हायची. पुढे शिकायची ऐपत नव्हती. मी बाबांच्या बरोबरीनं खारात उतरलो आणि बांधावर माझाही ठिपका लागला. तेरा वर्षं ओढली विडी. 1988 च्या भादव्यात बाबा गेले. शेवटची दोन वर्षं ते आडवे झोपू शकत नव्हते. भिंतीला टेकून, गुडघ्यावर उशी घेऊन रात्र काढायचे. छातीतून पाण्याच्या उघाडीसारखा आवाज यायचा. तेराव्याच्या दिवशी पाव्हणे गेल्यावर आईनं मला समोर बसवलं आणि शपथ घातली, ‘आजपासून विडी नाय.’ तिचं मशेरीचं बोट तेव्हा तोंडातच होतं. मी म्हटलं, ‘आई, आणि तुझं काय?’ ती म्हणाली, ‘माझं दातांचं औषध हाय.’

मी विडी सोडली. खोटं नाही सांगत, एक महिना भयंकर गेला, पण सोडली. आईचं औषध 2009 पर्यंत चाललं.

आता सिगारचं. आमच्या आळीतला एक माझा जोडीदार. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना आवडायचं नाही. आम्ही एकत्र शाळेत गेलो, एकत्र चिंबोऱ्या पकडल्या, आणि दहावीत तो नापास झाला म्हणून त्याचं भलं झालं. तो मुंबईला गेला, गोदीत लागला, तिथून बोटीवर. सगळं जग हिंडला. गावात सगळे त्याला बोटवाला म्हणायचे. 2001 च्या मे महिन्यात तो सुटीवर आला तेव्हा एका संध्याकाळी घरी येऊन त्यानं माझ्यासमोर दोन नळ्या ठेवल्या. अॅल्युमिनियमच्या, फिरकीच्या झाकणाच्या. मला वाटलं औषध आहे. आत एकेक सिगार होता. क्यूबा देशातला.

तो आमच्या आगरी बोलीत बोलायचा. इथं मी ते थोडं पुस्तकी करून लिहितो, नाहीतर पुण्याच्या वाचकाला कळायचं नाही. तो म्हणाला, ‘हा आज ओढायचा नाय. ठेवायचा. जितका जुना तितका बरा. एक तुझा, एक माझा. दोन्ही तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिला तर उद्याला राख होईल.’

मी म्हटलं, ‘मला शपथ आहे.’

‘आईनं विडी म्हटलेलं. सिगार म्हटलेलं नाय.’

आई ओटीवरच होती. तिला ऐकू आलं की नाही देव जाणे. ती डबी उघडून बसली होती.

कधी ओढायचा, हे त्या दिवशी ठरलं. दोघांची पोरं मार्गाला लागली, दोघांची कर्जं फिटली आणि दोघं एकाच वेळी गावात असलो म्हणजे. बाहेरकाठ्यावर बसून. घाई नाही.

मग सुरू झालं ते सांभाळणं. बोटवाल्यानं नियम सांगितले होते. सिगार कोरडा पडला तर पान चुरा होतं, ओल लागली तर बुरशी धरतं. साहेबलोक त्यासाठी देवदारासारख्या वासाच्या लाकडाच्या पेट्या करतात, हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास ओल राहील अशा. आता आमच्या कोकणात पावसाचे चार महिने चपलेलासुद्धा बुरशी येते. बाहेर ओल म्हणजे काय विचारू नका, भिंतीला हात लावला तर हात ओला. मी विचार केला, तांदळासाठी जे करतो तेच करू. एका पत्र्याच्या डब्यात तळाला उन्हात तापवलेले राताचे तांदूळ घातले, त्यावर कापड, कापडावर नळ्या. पाऊस लागला की तांदूळ बदलायचे, पाऊस सरला की तांदूळ काढून टाकायचे. दुसरी भीती किड्याची. तांदळात टोके होतात तसे तंबाखूतही बारीक किडे होतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पाडत जातात. आम्ही धान्यात कडुलिंबाचा पाला घालतो, पण बोटवाल्यानं बजावलं होतं, जवळ कसलाही वास नको. तंबाखू वास पितो. लिंब नको, कापूर नको, कांदा तर नकोच. आमच्या घरात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. मग डबा देवघराच्या माळ्यावर गेला. तिथं उदबत्ती होती, म्हणून पुढे माजघरात आला. बायको म्हणायची, सोन्याला एवढं जपलं नसतं.

दरवर्षी दसऱ्याला अवजारांची पूजा झाली की मी डबा उघडायचो, झाकण फिरवून नळीला नाक लावायचो आणि परत बंद करायचो. ओढायचा नाही, नुसता वास. पहिल्या वर्षी वास उग्र होता. तोंडावर येणारा, गोठा दोन दिवस काढला नाही तर येतो तसा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो उग्रपणा गेला. पुढे कधी त्यात जुन्या लाकडी पेटाऱ्याचा वास यायचा, कधी सुक्या पेंढ्याचा, एका वर्षी चक्क गुळाचा. दहाव्या वर्षापुढे तर मी दसऱ्याची वाट त्यासाठी बघायला लागलो. हे व्यसन झालं का? मी आजही नक्की सांगू शकत नाही. वर्षातून एकदा, अर्धा मिनिट, न पेटवलेल्या वस्तूचा.

हे जुनं होणं म्हणजे काय, ते मला शेतकरी म्हणून लवकर कळलं. नवा तांदूळ शिजवला तर गचका होतो. तोच तांदूळ वर्षभर राहिला की सुटा शिजतो, फुगतो, पोटालाही हलका. बाळंतिणीला, आजाऱ्याला आम्ही जुना तांदूळ देतो. तंबाखूचं पान तोडून नुसतं सुकवून चालत नाही म्हणे. पानांचे ढीग घालतात, ढीग आतून तापतो, मग उलटून परत रचतात, परत तापतो. अगदी आपला शेणखताचा खड्डा. तापताना नवसागरासारखा झोंबणारा वास निघून जातो आणि पान मऊ पडतं. मग आतली भरण, तिच्यावर बांधायचं पान आणि सगळ्यावर एक चांगलं निवडक पान. पानाशिवाय आत-बाहेर काही नाही. आपली विडीही तशीच, पण तिचं वरचं पान टेंभुर्णीचं, विदर्भाकडच्या जंगलातलं. विडी आज वळली, उद्या विकली, परवा राख. तिला जुनं व्हायला कुणी वेळ देत नाही. तिच्याकडे तेवढा पैसा थांबू शकत नाही.

26 जुलै 2005 चा पाऊस कुणी विसरणार नाही. आमच्या जिल्ह्यात महाडकडे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. आमच्याकडे खाडी आणि पाऊस एक झाले. घरात मांडीभर पाणी. मी आईला माळ्यावर चढवलं, बायको-पोरांना चढवलं, सातबाऱ्याची पिशवी वर फेकली, आणि परत पाण्यात उतरलो तो डब्यासाठी. बायकोनं वरून पाहिलं. काही बोलली नाही. पण दोन बकऱ्या गेल्या होत्या आणि मी डबा वाचवला होता, हे तिनं पुढे बरीच वर्षं लक्षात ठेवलं. मीही ठेवलं आहे. बकऱ्या बांधलेल्या होत्या. दावं कापायला एवढाच वेळ लागला असता.

त्या दिवसापासून तो सिगार मला थोडा नकोसा झाला आणि थोडा जास्तच हवासा झाला.

मध्यंतरी मी निपाणीला जाऊन आलो होतो, एका लग्नाला. गाव आता कर्नाटकात, पण लग्न, जेवण, भांडण सगळं मराठीत. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. 1981 साली शरद जोशींच्या पुढारपणाखाली तिथले तंबाखूचे शेतकरी भावासाठी रस्त्यावर बसले होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मेले. आम्ही त्या वेळी इथं खारात त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. चरीच्या संपाचा प्रदेश आमचा, 1933 पासून सहा वर्षं जमीन पड ठेवून खोतांशी झगडलेल्या माणसांची नातवंडं आम्ही. तेव्हा शेतकऱ्यावर गोळी म्हटलं की आमच्या आळीत चूल थंड राहायची. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांनी मला एक वखार दाखवली. बायका तोंडाला पदर गुंडाळून तंबाखू चाळत होत्या. दारात उभं राहिलो तर माझे डोळे वाहायला लागले. त्या दिवसभर तिथं असतात. घरोघरी विड्या वळणाऱ्या वेगळ्या, त्यांची मजुरी हजाराच्या हिशेबानं. बाबांच्या कानामागची एक विडी म्हणजे त्या हजारातली एक. मला तेव्हा कळलं की बाबांची छाती एकट्या बाबांनी जाळलेली नाही, आणि त्या विडीनं एकट्या बाबांचीच छाती जाळलेली नाही.

मग डब्यातल्या सिगारचं पान कुणी चाळलं असेल? क्यूबातल्या बायकांचे डोळे वाहत नसतील? बोटवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘तिथं त्यांना वळताना पेपर वाचून दाखवतात.’ ही गोष्ट खरी आहे, त्या कारखान्यांत मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस ठेवण्याची जुनी रीत आहे, कादंबऱ्यासुद्धा वाचतात. ऐकून मला बरं वाटलं. पण पेपर ऐकल्यानं धूळ कमी होत नाही, हेही मनात आलंच.

2018 च्या गणपतीत बोटवाला कायमचा घरी आला. आवाज बसला होता. त्याला वाटलं थंड पाण्यानं. मुंबईला दाखवलं तेव्हा घशाचा कर्करोग निघाला. त्यानं आयुष्यात सिगार मोजकेच ओढले असतील, पण बोटीवर पाळी करायची तर झोप यायला नको, म्हणून तंबाखू-चुना सतत, आणि वर सिगारेट. उपचार झाले, किरणं झाली. डिसेंबरात डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो.

जानेवारीत मी बघायला गेलो तर त्यानं पाटीवर लिहिलं. बोलता येत नव्हतं. नातवाची पाटी होती. ‘पोरं लागली. कर्ज फिटलं. दोघं गावात.’

मी वाचलं आणि पाटी पुसली. वहिनी दारात होत्या.

त्या रात्री मला झोप नाही. नियम काय म्हणतो ते मला माहीत होतं. कर्करोगाच्या माणसाला धूर द्यायचा नाही, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? माझी सून प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या शाळेच्या भिंतीवर तंबाखूमुक्त शाळेचा फलक आहे. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही त्यांना विष नेऊन देणार?’ तिचं चुकलं नाही. मुलगा म्हणाला, ‘आता त्यानं काय फरक पडतो?’ त्याचंही चुकलं नाही, पण मला ते बोलणं आवडलं नाही. फरक पडत नाही म्हणून एखादी गोष्ट करायची, ही रीत मी शेतात कधी पाळलेली नाही. फुटणारा बांध फुटणारच म्हणून आम्ही माती टाकायचं थांबवत नाही.

आपल्या लोकांत ह्याची दोन टोकं आहेत. आमच्या पेण तालुक्यातलंच गागोदे, विनोबांचं जन्मगाव. लहानपणी शाळेतून चालत नेलं होतं. त्या घरासमोर उभं राहिलं की वाटतं, चहासुद्धा सोडावा. आणि दुसरीकडे आमच्या पोपट्या, गणपतीतले नाच, हळदीच्या रात्री. जगताना सोडायचं किती आणि घ्यायचं किती, ह्याचा हिशेब मला कधी नीट जमला नाही. माळकरी काका म्हणायचे, एकदा घेतलास की संपलास. बाबा म्हणायचे, एकदाही घेतला नाहीस तर आलास कशाला. दोघेही मेले. काका सत्त्याऐंशीव्या वर्षी, बाबा एकसष्टाव्या. हा हिशेब मात्र स्पष्ट आहे.

वाचनालयाच्या एका पुस्तकात मी एक गोष्ट वाचली होती. अकबराच्या दरबारात तंबाखू पहिल्यांदा गेली ती आपल्या बाजूच्या विजापुराहून. असदबेग नावाचा सरदार 1604-05 च्या सुमाराला घेऊन गेला. पोर्तुगीजांनी ती या देशात आणली होती. ते आमच्या चौल-रेवदंड्यालाही होतेच. बादशहानं हुक्क्याचे दोन झुरके घेतले तर हकीम आडवा आला, की आमच्या ग्रंथांत हे औषध नाही, घेऊ नये. दरबारात वाद झाला. बादशहानं पुढे ओढला नाही, पण सरदार-उमरावांत ती पसरायची ती पसरलीच. मला त्या हकिमाचं नवल वाटतं. काही माहिती हातात नसताना तो बरोबर निघाला. आणि मला त्या दोन झुरक्यांचंही नवल वाटतं. बादशहाला ते आवडले असतील का, हे कुणी लिहिलेलं नाही.

सकाळी मी वहिनींकडे गेलो. चोरून न्यायचं नाही एवढं ठरवलं होतं. डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि काय आहे ते सांगितलं. त्या बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भावजी, मी हो म्हणणार नाय. नाय पण म्हणणार नाय. मला विचारायला नको होतंत.’

हे वाक्य मला अजून टोचतं. मी विचारलं ते सचोटी म्हणून, असं मला वाटत होतं. खरं तर ओझं अर्धं त्यांच्या डोक्यावर द्यायला गेलो होतो.

चारच्या सुमाराला त्याच्या मुलानं त्याला मोटारसायकलवर मधे बसवून बाहेरकाठ्यापर्यंत आणलं. मी मागून धरलं होतं. भरती चढत होती. समोर खाडी, खाडीपलीकडे डोलवीच्या बाजूच्या चिमण्या, मागे खारात नुसते बुडखे. निम्म्या जमिनी आता पड आहेत आणि बांधही कुणी पूर्वीसारखे घालत नाही, पण ते आज नको. मुलगा लांब जाऊन उभा राहिला.

मी एकच नळी उघडली. अठरा वर्षांत पान काळपट तपकिरी झालं होतं, तेलकट, भरलेल्या वांग्याच्या देठासारखं. कुठं भोक नाही, बुरशी नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. ब्लेडनं टोक कापलं. काडी लावून टोक फिरवत फिरवत पेटवलं आणि पहिला झुरका विडीसारखा छातीत ओढला. मेलोच असतो. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. बोटवाला आवाज न करता हसत होता. सगळं अंग हलत होतं त्याचं. त्यानं गालांवर बोटं लावून दाखवलं, तोंडातच ठेव, छातीत नको.

मग तसं केलं. पहिल्यांदा लाकडाची चव आली, कोरडी, सुतारकामाच्या जागी येते तशी. मग हळूहळू भाजलेल्या वालाची. मग काहीतरी गोड, पण साखरेचं नाही, जुन्या काकवीचं. धूर पांढरा, दाट, आणि जिभेला झोंबत नव्हता. राख पडत नव्हती. बोटाच्या पेराएवढी पांढरी राख तशीच उभी होती. विडी सारखी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते. ती कामातल्या माणसाची वस्तू, बांधावर पाच मिनिटं टेकायचं निमित्त. हा सिगार मात्र माणसाला बसवून ठेवतो. तासभर ज्याला काही काम नाही त्याच्यासाठीच तो केलेला आहे. माझ्या बापाला उभ्या आयुष्यात असा तास मिळाला नव्हता. आम्हाला त्या दिवशी मिळाला, त्याचं कारण काय होतं ते दोघांनाही माहीत होतं.

मी त्याच्या हातात दिला. त्यानं ओठांना लावला, पण ओढता येईना. घसाच राहिला नव्हता. त्यानं परत माझ्याकडे दिला आणि हातानं खूण केली, तू ओढ. मी तोंडात धूर घ्यायचो आणि त्याच्या बाजूला हळूच सोडायचो, वारा त्याच्याकडे होता. तो डोळे मिटून नाकानं घ्यायचा. आम्ही तास-सव्वा तास असे बसलो. शेवटच्या तिसऱ्या भागात सिगार कडवट झाला, मला घाम फुटला, डोकं गरगरायला लागलं. तीस वर्षं तंबाखू नसलेलं अंग. बोटवाल्याच्या मुलानं पिशवीतून गूळ आणि पाणी काढून दिलं. ते वहिनींनी दिलेलं होतं. न सांगता.

आता लोक मला विचारतात, कसा होता? आणि इथंच माझी पंचाईत आहे. तो वाईट असता तर बरं झालं असतं. मी लिहिलं असतं की एवढी वर्षं जपून पदरात धूर पडला, पोरांनो, ह्यावरून शिका. पण तो चांगला होता. इतकी चांगली चव माझ्या जिभेवर त्याआधी फार थोड्या वेळा आली आहे. आणि त्याच वस्तूनं समोर बसलेल्या माणसाचा गळा खाल्ला होता, माझ्या बापाची छाती खाल्ली होती. जुनं झाल्यानं तांदूळ पोटाला हलका होतो. तंबाखू जुनी झाली म्हणून ती सोज्वळ होत नाही, फक्त तिचा उग्रपणा जातो. विष तेवढंच राहतं, बोलणं गोड होतं. आमच्या गावात अशी काही माणसंही आहेत.

आणि शपथेचं? आईनं विडी म्हटलं होतं, ही वकिली मला पटलेली नाही. आईला काय म्हणायचं होतं ते मला त्या दिवशीही माहीत होतं. मी शपथ मोडली. ती एका जिवंत माणसाला दिलेल्या शब्दासाठी मोडली, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर अर्धी त्याच्यासाठी मोडली आणि अर्धी अठरा दसऱ्यांच्या त्या वासासाठी. कुठली अर्धी मोठी, ते मला ठरवता येत नाही. जेव्हा जेव्हा ठरवायला बसतो तेव्हा त्या दोन बकऱ्या आठवतात.

बोटवाला बारा दिवसांनी गेला. सिगारनं नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं, मी विचारलं म्हणून. वहिनी वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. वर्षश्राद्धाला त्यांनी मला आत बोलावलं आणि विचारलं, ‘त्यांचा हाय ना अजून?’ मी म्हटलं, आहे, तुमचाच आहे, आणून देतो. त्या म्हणाल्या, ‘मना नको. तुम्हीच ठेवा. पण फेकू नका.’

तो अजून डब्यात आहे. सुनेला मी सांगून ठेवलं आहे काय आहे ते, लपवलेलं नाही. तिनं डब्यावर पट्टी चिकटवून लाल शाईनं ‘मुलांनी हात लावू नये’ असं लिहिलं आहे. परवाच्या दसऱ्याला नातू शेजारी उभा होता. मी झाकण फिरवलं आणि नाकाला लावलं. तो म्हणाला, ‘आजा, मला पण.’ मी क्षणभर थांबलो. मग झाकण घट्ट बंद केलं आणि त्याच्या हातात कालच्या पावसाचे ओले झालेले तांदूळ दिले, म्हटलं जा, अंगणात उन्हात पसरून ये. तो पसरून आला आणि परत तिथंच उभा राहिला.